‘असली पुस्तके मुलींच्या हाती देऊ नका’ : एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेल्या महिन्याभरात बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडच्या मराठी घरांतील व्हॉट्सॲप गटांवर ‘पालकांनो, वेळीच सावध व्हा’ या मथळ्याचा एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. माझ्याकडे तो चार गटांतून आला आणि त्यांपैकी एक तर भिशीचा होता. बलात्कार, बालपणीचे लैंगिक अत्याचार, घरातील मारहाण आणि नात्यातील निषिद्ध संबंध अशा विषयांवरच्या पुस्तकांविरुद्ध त्यात पाच दावे केलेले आहेत. अशी पुस्तके वाचल्याने मेंदूवर प्रत्यक्ष अत्याचार झाल्यासारखाच आघात होतो. हे लेखन पाश्चात्त्यांकडून आलेले असून आपल्या संस्कृतीत त्याला स्थान नाही. ती वाचणाऱ्या मुली पुढे घरातल्या वडीलधाऱ्यांवर खोटे आळ घेतात. ज्यांच्यावर खरोखर काही बेतले असेल त्यांनी ते विसरून जाणे हाच इलाज आहे. आणि अशी पुस्तके आवडीने वाचणारा माणूस मुळातच विकृत असतो.

असल्या मजकुराला उत्तर देत बसण्याचा माझा स्वभाव नाही. परंतु गेल्या रविवारी खानापूर तालुक्यात राहणाऱ्या माझ्या १९ वर्षांच्या भाचीच्या हातून तिच्या आईने वाचनालयाचे पुस्तक काढून घेतले आणि ते कपाटावर ठेवून दिले. ‘असलं काय वाचूलीस ग,’ एवढेच वहिनी तिला म्हणाल्या. नंतर मला मात्र फोन करून त्यांनी विचारले, ‘वन्सं, तुम्हीच तिला हे दिलंत ना?’ होय, मीच दिले होते. वहिनी समंजस बाई आहेत आणि त्या संदेशाने त्यांना खरोखर घाबरवले आहे, म्हणून हे लिहिते आहे.

पहिल्या दाव्याला फार वेळ देण्याची गरज नाही. वाचलेला आघात आणि भोगलेला आघात मेंदूला सारखाच, असे ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले’ म्हणून संदेशात म्हटले आहे. कोणत्या शास्त्रज्ञांनी, कुठे आणि कधी, ते नेहमीप्रमाणे गुलदस्त्यात आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची जी निदानपुस्तिका जगभर वापरली जाते, तिच्या २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीत आघातोत्तर तणावाच्या विकारासाठी कोणते अनुभव ग्राह्य धरावेत हे नेमके दिलेले आहे. प्रसंग स्वतःवर ओढवणे, तो डोळ्यांदेखत दुसऱ्यावर घडणे, जवळच्या माणसावर बेतल्याचे कळणे किंवा कामाचा भाग म्हणून त्याच्या भीषण तपशिलांना वारंवार सामोरे जावे लागणे, हे त्यात येते; चित्रपट किंवा दूरचित्रवाणीवर, कामाशी संबंध नसताना, पाहिलेले प्रसंग त्यातून स्पष्टपणे वगळलेले आहेत. पुस्तक वाचून रात्रभर झोप न लागणे ही खरी गोष्ट आहे आणि मलाही तो अनुभव आहे, पण त्याला आजार म्हणत नाहीत.

दुसरा दावा वाचून मला हसू आले आणि मग थोडा रागही आला. हा संदेश लिहिणारा मनुष्य, किंवा निदान तो पुढे पाठवणारे लोक, याच भागातले असतील तर त्यांच्या घरातून कोणी ना कोणी सौंदत्तीला यल्लम्मादेवीच्या डोंगरावर नक्कीच जाऊन आलेले असणार. यल्लम्मा म्हणजे रेणुका. तिची कथा काय आहे? नवऱ्याने संशयावरून मुलांना आज्ञा केली की आईला ठार करा. थोरल्या मुलांनी नकार दिला आणि धाकट्या परशुरामाने तिचा वध केला. महाभारताच्या वनपर्वात ही कथा आहे. वर मागून ती पुन्हा जिवंत होते हे खरे, पण तोपर्यंत कथेत जे घडायचे ते घडून गेलेले असते. आपण ही गोष्ट पाचव्या-सहाव्या वर्षी, आजीच्या मांडीवर बसून ऐकली. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला ‘रांडाव पुनव’, म्हणजे विधवापणाची पौर्णिमा, म्हणतात हेही आपल्याला त्याच वयात कळले आणि त्या दिवशी जोगतिणींच्या, म्हणजे यल्लम्माला सोडलेल्या बायकांच्या, हातातल्या बांगड्या का फुटतात हे कोणी समजावून सांगितले नाही तरी दिसत होतेच. पत्नीवरचा संशय, पित्याची हिंसा आणि पुत्राच्या हातून मातृवध हे सगळे ‘उदं ग आई उदं’च्या गजरात ज्यांनी पचवले, त्यांना भरदिवसा छापलेल्या पुस्तकाची भीती वाटावी, हे नवल आहे.

त्याच डोंगराशी जोडलेली दुसरी गोष्ट देवदासीची. मुंबई इलाख्याने १९३४ मध्ये आणि कर्नाटकाने १९८२ मध्ये मुली देवाला सोडण्याच्या प्रथेविरुद्ध कायदे केले, म्हणजे अर्ध्या शतकाच्या अंतराने त्याच गोष्टीविरुद्ध दुसरा कायदा करावा लागला. या मुलींचे पुढे काय होते, हे कोल्हापूर जिल्ह्यातले कादंबरीकार राजन गवस यांनी ‘चौंडकं’मध्ये १९८५ साली लिहिले. ती कादंबरी अस्वस्थ करते आणि करायलाच हवी. परंतु तिच्यातले वास्तव युरोपातून आलेले नाही. ते आपल्या एस.टी.च्या मार्गावर आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर इथे दरवर्षी साहित्य संमेलने भरवणारे, मराठीसाठी पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यावर उतरणारे आपण लोक. आणि एक मुलगी स्वतःहून मराठी पुस्तक वाचते आहे तर ते कपाटावर ठेवतो. असो.

आता तिसरा दावा. ज्यासाठी मी हा सगळा खटाटोप करते आहे तो हाच. संदेशातले शब्द असे आहेत : ‘असले साहित्य वाचून मुली सख्ख्या काका-मामांकडे संशयाने बघू लागतात, कपोलकल्पित आरोप करतात आणि सुखी कुटुंबे उद्ध्वस्त होतात, असे काही कानावर आल्यास घरातली गोष्ट घरातच मिटवावी.’

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बाल-अत्याचारांविषयीचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. कर्नाटक त्या राज्यांत नव्हते, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी ते शोधून काढून मला दाखवायला नको. मात्र आपल्या दोन बाजूंची महाराष्ट्र आणि गोवा ही दोन्ही राज्ये होती. त्या मुलांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे मुलाच्या ओळखीतले किंवा ज्यांच्यावर मुलाने विश्वास ठेवावा अशा स्थानावरचे होते. बहुसंख्य मुलांनी ही गोष्ट तोपर्यंत कोणालाच सांगितलेली नव्हती. आणखी एक आकडा संदेशकर्त्याने नीट वाचावा : लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलांमध्ये मुलग्यांचे प्रमाण ५२.९४ टक्के होते. संदेशाला फक्त मुलींच्या वाचनाची काळजी आहे. मुलग्यांवर काही बेतू शकते हे त्याच्या गावीही नाही.

या हजारो मुलांनी काही वाचून मग काका-मामांकडे संशयाने पाहिले नव्हते. त्यांच्यापैकी अनेकांकडे तर सांगण्यासाठी शब्दच नसतात. आपल्या बोलीत अशा गोष्टीला काय म्हणतात ते आठवून पाहा : ‘वंगाळ वागला’, ‘अंगचटीला आला’, ‘तसलं काय तर’. सात वर्षांच्या मुलाने ‘तसलं काय तर झालं’ म्हणून सांगितले तर आपण त्याला ‘गप बस’ म्हणतो. वाचनालयात स्वयंसेविका म्हणून मी गेली काही वर्षे शनिवारी बसते. साठीच्या घरातल्या एका वाचक बाईंनी एक आत्मकथन लागोपाठ तीन वेळा मुदत वाढवून स्वतःजवळ ठेवले होते. परत देताना त्या काउंटरवर थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘ह्यात माझंबी हाय.’ त्यापुढे काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारले नाही. पन्नास वर्षे त्यांनी कोणावर आळ घेतला नव्हता. संदेशाच्या हिशेबाने त्यांचे कुटुंब सुखीच होते.

राहिला ‘घरातच मिटवा’ हा सल्ला. बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा, ज्याला सगळे पॉक्सो म्हणतात तो २०१२ चा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळते त्या कोणत्याही व्यक्तीने तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. थोडक्यात, संदेशाचा सल्ला तंतोतंत पाळणारे काका, मामा, आजी, आजोबा हे स्वतः गुन्हेगार ठरतात. खोट्या तक्रारीचा विचारही त्याच कायद्यात आहे : हेतुपुरस्सर खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढाला कलम २२ नुसार शिक्षा आहे, बालकाला नाही. कायदा करणाऱ्यांना जो प्रश्न सुचला तो संदेश लिहिणाऱ्यालाच पहिल्यांदा सुचला असे मानण्याचे कारण नाही. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे. हा क्रमांक त्या मजकुरात कुठेही नाही, यावरूनच त्याची कळकळ कोणासाठी आहे ते समजावे.

‘विसरून जाणे हाच इलाज’ या चौथ्या दाव्यात, नाइलाजाने कबूल करते, थोडे तथ्य आहे : काही माणसांना काही वेळी असे वाचन झेपत नाही. जर्मन लेखक गटेच्या ज्या कादंबरीचा वेर्टर नावाचा तरुण नायक शेवटी आत्महत्या करतो, ती १७७४ मध्ये आली आणि तिचे अनुकरण होईल या भीतीने लाइपझिग शहरात १७७५ मध्ये तिच्यावर बंदी घातली गेली. पुढे १९७४ मध्ये डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत पहिल्या पानावर छापलेल्या आत्महत्यांच्या बातम्यांनंतर आत्महत्या वाढल्याचे दाखवले आणि त्या परिणामाला त्याच कादंबरीच्या नायकाचे नाव दिले. म्हणजे शब्दांचा परिणाम होतो. पण तो अभ्यास बातम्यांचा होता, आणि म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना पत्रकारांना आत्महत्येची पद्धत वर्णन करू नका, तिचे उदात्तीकरण करू नका असे सांगते. ‘विषयच काढू नका’ असे सांगत नाही. ज्याची जखम ताजी आहे किंवा ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येत आहेत अशा माणसाने एकट्याने, रात्री, असे पुस्तक घेऊन बसू नये हे मलाही मान्य आहे. त्याने ते बाजूला ठेवावे, कोणाशी तरी बोलावे. बेंगळुरूची निम्हान्स संस्था जिच्या समन्वयाचे काम पाहते त्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६ आहे. बारा वर्षांच्या मुलाच्या हाती काय द्यावे आणि काय देऊ नये, याचाही विचार करावाच लागतो आणि आम्ही वाचनालयात तो करतो.

मात्र ‘विसरून जा’ हा इलाज नव्हे. मी वर सांगितलेल्या त्याच निदानपुस्तिकेत, प्रसंगाच्या आठवणी आणि विचार सतत टाळत राहणे हे या विकाराच्या लक्षणांच्या चार गटांपैकी एक आहे. संदेशाने रोगाचे लक्षण उचलून औषध म्हणून वाटले आहे.

वाचणारे विकृत असतात, या पाचव्या दाव्यावर मी शब्द खर्च करणार नाही. त्या साठीच्या बाई माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

वहिनींना मी हे सगळे फोनवर सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘शेवटाला काय होतंय त्यात, ते तरी सांगा.’ मी सांगितले नाही. पुस्तक अजून कपाटावरच आहे. त्याची मुदत या शनिवारी संपत होती, ती मी आणखी पंधरा दिवसांसाठी वाढवून घेतली आहे.