चोळण्यावरून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. मांसपेशीत पू होण्याच्या दुखण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "ताई, उगं भ्या घालू नका. आमच्या खानापूर भागात पोरं पडतात, आज्जी तेल लावून चोळती, दोन दिवसांत पळत्यात. तुमी त्यांना दवाखान्यात नेऊन कापायला लावता."

तुमचं एक म्हणणं मला पटलं. पोरांचे पाय बहुतेक वेळा साध्या कारणानंच दुखतात, हे मी लेखात ठळक लिहायला हवं होतं. रात्री दोन्ही पाय दुखतात, सकाळी पोर उड्या मारतं, अंगात ताप नसतो, तिथं आज्जीचा हात खुशाल फिरू दे.

मी लिहिलं ते दुखणं वेगळं. एकाच जागी, बहुतेक मांडीत नाहीतर कुल्ल्यात, दुखतं. ताप असतो आणि पोर त्या पायावर भार देत नाही. निरोगी स्नायूत जंतू सहसा टिकत नाहीत. पण मार लागलेल्या जागी, कधी खरजेतून किंवा करटातून रक्तात शिरलेले जंतू ठाण मांडतात. बहुतेक वेळा तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू असतो. खोल स्नायूत असल्यानं वरची कातडी सुरुवातीला लाल होत नाही, म्हणून घरच्यांना ती लचक वाटते. कंबरेच्या आतल्या सोआस स्नायूत झालं तर पोर मांडी पोटाशी घेऊन पडतं, आणि अपेंडिक्सचा संशय येतो.

वॉर्डात नर्स म्हणून मी एक आठ वर्षांचा मुलगा पाहिला. कबड्डीत पडला होता. बारा दिवस चोळणं, मध्ये मेडिकलमधून आणलेल्या चार गोळ्या. ताप उतरला, परत चढला. आला तेव्हा मांडी लाकडासारखी घट्ट. सोनोग्राफीत पू दिसला. शेजारच्या खाटेवरची गोकाकची बाई कानडीत "कीवू, कीवू" (म्हणजे पू) म्हणत त्याच्या आईला धीर देत होती, आणि आईचं एकच चाललेलं, "मीच चोळलं गं." तिचा दोष नव्हता. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून तर मी लिहिते.

आता कापण्याचं. पहिल्या काही दिवसांत आलं तर नुसत्या शिरेतल्या अँटिबायोटिकवरही भागतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पू साठला की तो सुईनं किंवा चीर देऊन काढावाच लागतो, आणि औषध काही आठवडे चालतं. अर्धवट गोळ्यांनी आणखी घोळ होतो: ताप दबतो, पू तसाच राहतो, आणि तपासणीत जंतू सापडत नाही, मग नेमकं औषध निवडणं अवघड जातं.

कणकुंबी-जांबोटीकडून पावसात पोराला घेऊन बेळगावला येणं म्हणजे दिवसाचा रोज बुडतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून प्रत्येक दुखऱ्या पायासाठी या, असं मी म्हणत नाही. ताप, एकाच जागी दुखणं आणि लंगडणं, ही तिन्ही एकत्र दिसली तर चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पहिली सोनोग्राफी साफ आली आणि पोर तरी लंगडत असेल, तर पुन्हा दाखवा. सुरुवातीला ती चुकू शकते, एमआरआयमध्ये लवकर कळतं.

तुमच्याकडं जी पोरं चोळून दोन दिवसांत पळाली, त्यांना तेव्हा ताप होता का, तेवढं कळवा.