प्लगला लावायचा ‘पॉवर सेव्हर’: लाइट बिल खरंच उतरतं का?

नातेवाइकांचा ग्रुप असो, सोसायटीचा असो की शाळेतल्या मित्रांचा, एक मेसेज आलटून पालटून येतच असतो. सोबत पांढऱ्या प्लास्टिकच्या डबीचा फोटो, मागे प्लगच्या पिना, पुढे हिरवा दिवा. मजकूर थोडक्यात असा: ‘ही डबी घरातल्या कुठल्याही सॉकेटला लावा, लाइट बिल ३० ते ४० टक्के कमी होईल. करंट उतरलेला मीटरवर डोळ्यांनी दिसतो. मोठे कारखाने हेच वापरतात. व्होल्टेज स्थिर राहतं, उपकरणं टिकतात. टेस्लाचं हे तंत्रज्ञान वीज कंपन्यांनी दडपून ठेवलं होतं. सरकारमान्य. ज्यांनी लावलं त्यांचं बिल पहिल्याच महिन्यात उतरलं.’

घरातली बिघडलेली वस्तू टाकून देण्याआधी उघडून बघायची, हा माझा जुना छंद. त्यामुळे इमारतीत कुणी ही डबी आणली की ‘बघ रे जरा’ म्हणून ती माझ्याकडे येते. आणणारे बहुतेक पेन्शनवर घर चालवणारे असतात, नाहीतर भाड्याच्या खोलीत राहणारी मुलं. ज्यांना बिलाचे शंभर रुपयेही जाणवतात, नेमके त्यांच्याच खिशातून हे पैसे जातात. म्हणून त्या मेसेजमधला एकेक मुद्दा नीट तपासायला हवा.

आधी डबीत काय असतं ते सांगतो. स्क्रू काढले की आत एक छोटं सर्किट दिसतं. त्यावर साधारण ४ मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर, हिरवा दिवा पेटवायला लागणारे दोन-चार भाग आणि नशीब असेल तर एक फ्यूज. पंखा हळू फिरायला लागला की वायरमन बदलून देतो तो अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर याच जातीचा. कुठली चिप नाही, वीज ‘शुद्ध’ करणारं काही नाही.

‘करंट उतरलेला मीटरवर दिसतो.’

हा मुद्दा खरा आहे, फक्त हा मीटर घरातला नव्हे, करंट मोजायचा चिमट्यासारखा टाँग टेस्टर. आणि लोक फसतात ते इथेच. प्रदर्शनाच्या स्टॉलवर जुन्या, तांब्याच्या चोकची ट्यूबलाइट लावलेली असते. टाँग टेस्टर वायरभोवती धरला की ०.४३ अँपिअरच्या आसपास आकडा येतो. डबी लावली की तोच आकडा ०.२३ वर उतरतो. बघणाऱ्याला वाटतं, वीज निम्म्यावर आली.

पण करंट म्हणजे युनिट नव्हे. ट्यूब आणि चोक मिळून खरी वीज खातात ती ५० वॅटच्या आसपास. डबी लावण्याआधीही ५०, लावल्यावरही ५०. उरलेला करंट चोकमधलं चुंबकत्व उभं करायला जातो आणि दर सेकंदाला शंभर वेळा तसाच्या तसा परत फिरतो. शेजारणीने वाटीभर साखर नेली आणि तेवढीच परत आणून दिली, तर वाण्याच्या वहीत काही चढत नाही. तसंच हे. डबीतला कंडेन्सर एवढंच करतो की ही देवघेव खांबावरच्या तारेशी न होता त्याच्याशी होते. तारेतला करंट कमी होतो तो त्यामुळे.

घरगुती मीटर ही येणारी-जाणारी वीज मोजतच नाही. तो क्षणाक्षणाचं व्होल्टेज आणि करंट यांचा गुणाकार करून बेरीज ठेवतो. परत गेलेली वीज त्या बेरजेतून आपोआप वजा होते. उरतात ते युनिट, म्हणजे किलोवॅट-तास, आणि आपल्या बिलात वापराचे पैसे लागतात ते याच युनिटांवर.

यावर माझा शब्द मानू नका, स्वतः करून बघा. मीटरवर ‘३२०० इम्प’ असं काहीतरी छापलेलं असतं (काही मीटरांवर १६०० किंवा ६४०० असतं, आपलं वाचून घ्या). याचा अर्थ, शेजारचा बारका लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. घरातलं सगळं बंद करा, फ्रिज आणि इन्व्हर्टरसुद्धा. फक्त एक जुना ७५ वॅटचा पंखा पूर्ण वेगात चालू ठेवा. दिवा साधारण १५ सेकंदांनी एकदा लुकलुकेल, म्हणजे दहा वेळांना अडीच मिनिटं. आता डबी लावा आणि पुन्हा दहा मोजा. बचत खरोखर ४० टक्के असती, तर दोन लुकलुकींमधलं अंतर १५ वरून २५ सेकंदांवर गेलं असतं. ते हलत नाही. हलतं ते उलट्या बाजूला, दहा लुकलुकींमागे जेमतेम सेकंदभराने कमी होतं, कारण डबीतला हिरवा दिवाही आपल्याच मीटरमधून जेवतो. तो अर्धा वॅट खात असला तरी महिन्याला साधारण एक तृतीयांश युनिट वाढतं.

या एका प्रयोगाला लागतो तो मोबाइलमधला स्टॉपवॉच आणि दहा मिनिटं. डबी विकणारा कधीही या लाल दिव्याकडे बोट दाखवत नाही, टाँग टेस्टरकडेच दाखवतो.

‘मोठे कारखाने हेच वापरतात.’

कारखान्यात कंडेन्सरचे पॅनेल असतात, अगदी खरं. तिथे शेकडो हॉर्सपॉवरच्या मोटारी असतात आणि बिलाची पद्धतच वेगळी असते. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर बिल लागू झालं, म्हणजे तारेतून जाणाऱ्या सगळ्या करंटचा हिशोब लागतो. त्यांनी पॉवर फॅक्टर (तारेतल्या करंटपैकी खरं काम करणाऱ्या करंटचा वाटा) सुधारला तर पैसे वाचतात. घरगुती बिलात हा हिशोबच नाही. शिवाय कारखान्यातलं पॅनेल लोड बघून कंडेन्सर आत-बाहेर करतं. आपली डबी रात्री सगळे झोपल्यावरही तशीच जोडलेली राहते.

‘३० ते ४० टक्के बचत.’

घरात सगळ्यात जास्त वीज कोण खातं ते बघू. गीझर, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड: यांत नुसती तापणारी तार असते. त्यांचा पॉवर फॅक्टर मुळातच एक असतो, सुधारायला जागाच नाही. पंख्यात कंडेन्सर आधीपासून बसवलेला आहे. टीव्ही, चार्जर, एलईडी दिवे हे बहुधा करंट तुकड्यातुकड्याने, झटक्यांत ओढतात. त्यांच्या करंटचा आकारच वेडावाकडा असतो आणि साधा कंडेन्सर तो सरळ करू शकत नाही. राहिले जुने चोक, जुना फ्रिज आणि पाण्याची मोटर. तिथे तारेतला करंट उतरतो, युनिट नाही.

एका इंजिनिअर नातेवाइकांनी यावर मला म्हटलं, ‘पण करंट कमी झाला की वायर कमी तापेल, तेवढी तरी वाचेल ना?’ प्रश्न रास्त आहे, म्हणून गणित मांडतो. बोर्डापासून २० मीटरवर तीच ट्यूबलाइट, दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. जाण्यायेण्याचा रोध अर्धा ओहम धरा. आधी वायरीत जाणारी वीज ०.०९ वॅट, डबी अगदी ट्यूबजवळ लावल्यावर ०.०३ वॅट. वाचले ०.०६ वॅट. हिरवा दिवा याच्या कितीतरी पट खातो.

‘व्होल्टेज स्थिर राहतं, उपकरणं टिकतात.’

नाही राहत. १८० व्होल्टचे २३० करायला ट्रान्सफॉर्मर लागतो, म्हणून तर स्टॅबिलायझर उचलताना हाताला जड लागतो. विजांच्या कडकडाटात येणाऱ्या झटक्यांची काळजी असेल, तर मेन बोर्डावर सर्ज प्रोटेक्टर आणि धड अर्थिंग, हा खर्च करावा.

‘टेस्लाचं दडपलेलं तंत्रज्ञान.’

निकोला टेस्ला या संशोधकांना १८८८ मध्ये इंडक्शन मोटरची पेटंटं मिळाली. तारेतल्या त्या येण्याजाण्याच्या करंटचं एक मोठं कारण ही मोटरच. कंडेन्सर लावून पॉवर फॅक्टर सुधारणं आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडला शिकवतात. यात कुणी काही लपवलेलं नाही. आणि ‘सरकारमान्य’चं म्हणाल, तर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो ज्या वस्तूंना तारे देतो, त्या यादीत फ्रिज, एसी, पंखे आहेत, अशी डबी नाही.

‘ज्यांनी लावलं त्यांचं बिल उतरलं.’

सांगणारे खोटं बोलत नाहीत, बिल खरंच उतरलेलं असतं. पण डबी घेतली जाते ती बहुधा मे महिन्याचं बिल बघून धसका बसल्यावर. पुढे पाऊस येतो, एसी-कूलर बंद होतो, पंखा एकने हळू होतो. महावितरणच्या बिलात १०० आणि ३०० युनिटांवर दराचे टप्पे बदलतात, त्यामुळे उन्हाळ्यात वरच्या टप्प्यात गेलेले युनिट कमी झाले की रक्कम युनिटांपेक्षा जास्त वेगाने घसरते. रीडिंग कधी २८ दिवसांचं येतं, कधी ३३. शिवाय डबी आणल्यावर माणूस दिवे बंद करायलाही जास्त जपतो, आणि ते श्रेय डबीला जातं. खरी तुलना करायची तर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचे युनिट बघा, रुपये नव्हे. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतोच.

ज्यांना बिल खरंच खाली आणायचं आहे त्यांना मी पंख्यापासून सुरुवात करायला सांगतो. जुना पंखा ७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज बारा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात, आणि ते लाल दिव्यावर मोजता येतात. डबीचे पैसे त्यात घालावेत.

मेसेजमध्ये न लिहिलेली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. स्वस्तातल्या डबीत कंडेन्सर रिकामा करणारा रेझिस्टर बऱ्याचदा नसतो. डबी सॉकेटमधून काढल्यावर पिनांवर ३२५ व्होल्टपर्यंत चार्ज राहू शकतो. हाताला सणसणीत झटका बसतो, आणि असल्या झटक्याने स्टुलावर उभा असलेला म्हातारा माणूस खाली पडू शकतो. हलक्या प्रतीचा कंडेन्सर दिवसरात्र लाइनवर राहून तापतो, फुगतो, फुटतो. डबीचं प्लास्टिक पिवळं पडलेलं किंवा वितळल्याचा वास येत असेल, तर आधी मेन बंद करा, मगच ती काढा. पिनांना हात लावू नका, मुलांच्या हाती देऊ नका.

कुणी ‘हे यंत्र मीटरच हळू पळवतं’ असं सांगून विकत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा. मीटरशी असा खेळ म्हणजे विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३५ खाली वीजचोरी. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि गुन्हा वीज वापरणाऱ्या ग्राहकावर दाखल होऊ शकतो.

आणि डबी घेऊन झालीच असेल तर गप्प बसू नका. पावती, डबीचं खोकं आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद आहे. फोन करताना ‘डबी लावूनही युनिट तेवढेच’ हे दाखवणारी आधीची आणि नंतरची बिलं जवळ असू द्या.