शनिवारी डबल

सोमवारी सकाळी आमच्या लॉबीतल्या माशांच्या टाकीचं पाणी मठ्ठ्यासारखं पांढरं झालं आणि साडेआठच्या आत आरोपीही ठरला. मी. कारण आठ दिवसांपूर्वी पाणी बदललं होतं ते मी. बाकी कोणी त्या टाकीला कधी हातच लावलेला नाही, तेव्हा ते आपोआप निर्दोष.

हात लावत नाहीत, खाऊ मात्र टाकतात. टाकी 3 फूट लांब, 1 फूट रुंद, सव्वा फूट उंच. काठोकाठ भरली तरी शंभरेक लिटर. एवढ्यात दोन गोल्डफिश सुखाने नांदतात. आमच्याकडे सहा, कारण उद्घाटनाच्या फोटोत दोनच मासे भकास दिसले असते. काचेशी कोणी आलं की सहाही जण शेपट्या हलवत धावतात. माणूस म्हणजे जेवण, एवढं गणित त्यांना पक्कं येतं. बघणाऱ्याला वाटतं, उपाशी आहेत बिचारे.

म्हणून मी औषधाच्या दुकानातून गोळ्या ठेवायचा आठवड्याचा डबा आणला. सात कप्पे, प्रत्येकावर वाराचं इंग्रजी आद्याक्षर. सहांत मोजून 25 बारीक दाणे, दोन मिनिटांत फस्त होतील इतकेच. रविवारचा मुद्दाम रिकामा, उपास. ज्याला पुण्य हवं त्याने त्या दिवसाचा कप्पा उलटा करावा, रिकामा दिसला तर हात आवरावा. योजना बिनतोड होती. फक्त तळमजल्यावरच्या काकांचा विचार राहून गेला.

"टाकीत काय टाकलं, काका?"

"मी कायले काही टाकतो? डब्यावर लिहिलं तसंच केलं. दोन 'टी' आहेत न जी? टी म्हणजे टाइम. दोन टाइम टाकलं. दाणे बुधवारीच सरले, मंग घरचं सुरू केलं."

"ते मंगळवार आणि गुरुवार आहेत."

"हाव? अन् दोन 'एस'?"

"शनिवार आणि रविवार."

"घ्या! मले वाटलं, शनिवारी डबल. मारुतीचा वार आहे."

"आणि रविवारचा कप्पा रिकामा होता, त्याचं काय?"

"तेच म्हणतो ना! कोणी तरी भराले विसरला. मी शेव भरली. बारीक होती जी, तर्रीपोह्यावरची."

गोल्डफिशला जठरच नसतं, खाल्लेलं सरळ आतड्यात जातं, असं मी समजावलं. काकांनी चष्मा काढला. "जठर नाही, त पोट भरलं हे त्याईले समजते कसं?"

"नाहीच समजत."

"मंग त्याईचं पोट भरलंच नाही, असंच न?"

दूधवाला हसला. माझ्या बाजूने नाही.

उरलेलं अन्न तळाच्या खड्यांत कुजलं, त्यावर जिवाणू माजले, त्यांनीच पाणी पांढरं केलं आणि पाण्यातला प्राणवायूही संपवला. अमोनिया वाढला तो वेगळा. त्यात नागपूरचा मे. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात. आणि लॉबीला कूलर नाही. मासे वर येऊन हवेसाठी तोंड वासतात आणि लोक त्या तोंडात आणखी खाऊ टाकतात!

यावर उपाय म्हणजे दोन दिवस अन्न बंद. नळीने खड्यांतला गाळ ओढत पाव टाकी पाणी काढायचं आणि चोवीस तास उघड्या बादलीत ठेवून क्लोरीन उडालेलं पाणी हळूहळू भरायचं. फिल्टरचा स्पंज काढलेल्या पाण्यातच पिळायचा. नळाखाली धुतला तर अमोनिया पचवणारे कामाचे जिवाणूच मरतात. मी रात्री दोन बादल्या भरून ठेवल्या. सकाळी त्या पाण्याने कोणी तरी स्कूटर धुतली होती. क्लोरीन नसल्यामुळे असेल, छान चमकत होती.

धडधाकट मोठा गोल्डफिश आठवडाभर अन्नाशिवाय सहज राहतो, हे सांगितलं की मी कसाई. दया यायला बावीस फ्लॅट, बादल्या उचलायला एक, आणि 'तुमच्या टाकीचा वास येऊन राहिला' हेही त्यालाच ऐकवायचं. टाकी माझी कधी झाली? ठरावात तर 'सामायिक' लिहिलं आहे.

मंगळवारी गुडघ्यावर बसून गाळ ओढत होतो. काका वाकून बघत म्हणाले, "पुढच्या टायमाले पाणी बदलाल त आवाज द्या जी. मी सुरुवातीपासून पाहाले येतो."