कळकलेले ताक, छापाची भांडी आणि वाड्यातली माणसे: कसबा पेठेतील आमच्या उपाहारगृहावरील अभिप्रायास उत्तर

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपण आमच्या उपाहारगृहाला दोन तारे देऊन लिहिलेला सविस्तर अभिप्राय स्वयंपाकघरातील मंडळींसह आम्ही सर्वांनी वाचला. ज्यांनी तो वाचलेला नाही त्यांच्यासाठी त्याचा आशय आधी सांगतो. ताक तांब्याच्या पेल्यात आले आणि ते कळकलेले, म्हणजे तांबे उतरून चव बिघडलेले होते. साध्या चहाला ६० रुपये घेणे म्हणजे पेठेतल्या माणसाला दारातूनच परत पाठवणे आहे. भिंतीवर टांगलेली 'तांबट आळीची' भांडी तांबट आळीत, म्हणजे शेजारच्या तांब्याच्या कारागिरांच्या आळीत, घडलेली नाहीत. संध्याकाळी आमच्याकडे येणाऱ्यांच्या दुचाकींमुळे बोळात रिक्षा शिरत नाही. आणि 'वाडा जपला' असे आम्ही फलकावर लिहिले असले, तरी त्या वाड्यात राहणारी माणसे कुठे गेली याबद्दल आम्ही एक अक्षरही लिहिलेले नाही, असे आपले आक्षेप आहेत. शेवटी आपण म्हटले आहे की अशा नव्या दुकानांनी पेठ सुधारत नाही, फक्त महाग होते.

ताकाबद्दल प्रथम लिहितो, कारण ती चूक लोकांच्या आरोग्याशी संबंधित आहे आणि तिचे समर्थन होऊ शकत नाही. कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नये, हे आपल्या आज्यांना कुणी शिकवावे लागत नव्हते. आंबटामुळे तांबे पदार्थात उतरते, चव बिघडते, आणि असा पदार्थ पोटात गेल्यास मळमळ व उलट्या होऊ शकतात. आम्ही हे पेले पाण्यासाठी घेतले होते. गर्दीच्या वेळी त्यांतून ताक दिले जाऊ लागले आणि ते दिसायला चांगले दिसते म्हणून मीच ते चालू दिले. आता ताक आणि कोकम सरबत काचेच्या पेल्यातूनच दिले जाते. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मी मनापासून क्षमा मागतो.

भांड्यांबद्दलचा आपला आक्षेपही खरा आहे, आणि तो मला अधिक बोचला. दर्शनी भिंतीवरच्या घागरी आणि तपेल्या मी घाऊक बाजारातून आणल्या होत्या. त्यांवरचे ठोके यंत्राच्या छापाचे होते: सगळे एकाच मापाचे, एकाच अंतरावर, आणि भांड्यालाही कुठे सांधा नव्हता. हाताने मठारलेल्या, म्हणजे हातोडीने ठोकलेल्या, भांड्यावर ठोक्यांच्या ओळी सरळ असल्या तरी प्रत्येक ठोका किंचित वेगळा पडतो, त्यामुळे त्यावर पडलेला उजेड हलल्यासारखा दिसतो; पत्रा जिथे झाळून जोडला तिथली रेघ नीट पाहिल्यास सापडते. मठार ही काही नक्षी नव्हे, हे मला इथे आल्यावर शेजारच्या कारागिरांनी समजावले. तांबे भट्टीत तापवले की मऊ होते आणि तसेच ठेवले तर भांडे साध्या धक्क्याने चेपते. ठोक्यांनी ते पुन्हा कडक होते. म्हणजे भांड्याचे सगळे बळ त्या ठोक्यांत असते, आणि मी मात्र बळ नसलेले ठोके विकत आणून त्यांच्याच आळीचे नाव खाली लिहिले होते. ती भांडी आम्ही उतरवली आहेत. भिंत सध्या रिकामी आहे आणि काही महिने तशीच राहील, कारण आळीतल्या दोन कारखान्यांकडे आम्ही रोजच्या वापराची पातेली, पाण्याच्या कळशा आणि एक मोठा बंब घडवायला दिला आहे. हे काम त्यांच्या सवडीने होईल, आणि जे येईल ते आधी स्वयंपाकघरात जाईल.

आपल्या अभिप्रायात नसलेली एक गोष्टही इथे सांगणे मला आवश्यक वाटते. उपाहारगृह सुरू झाले त्या पहिल्या महिन्यात काही ग्राहकांनी हातोड्यांच्या आवाजाची तक्रार केली, तेव्हा मी शेजारच्या तांबटकाकांकडे जाऊन दुपारी बारा ते तीन ठोकणी थांबवता येईल का, असे विचारले. त्यांनी एका शब्दाने विरोध न करता दोन दिवस काम थांबवले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने मला सांगितले की त्यांची मजुरी नगावर असते, आणि माझ्या ग्राहकांच्या शांततेसाठी त्यांची दोन दिवसांची निम्मी कमाई बुडाली. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेल्या या कारागिरांचा आवाज पिढ्यान्‌पिढ्या या आळीत आहे. स्टीलची भांडी आली, घरोघरी गीझर आल्यावर बंब गेले, तरीही तो पूर्ण थांबला नाही, आणि मी मात्र जेवणाच्या वेळेपुरता तो थांबवायला निघालो होतो. मी त्याच दिवशी जाऊन माफी मागितली आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई देऊ केली, पण ते पैसे त्यांनी घेतले नाहीत. आता कोणी आवाजाबद्दल विचारले तर आमचे कर्मचारी एवढेच सांगतात की हा आळीतल्या कामाचा आवाज आहे, आणि हवे असल्यास मागच्या सोप्यात जागा देतात. मेनूकार्डावर छापलेला कारखान्यांचा नकाशाही आम्ही काढून टाकला, कारण तो पाहून लोक न विचारता पेटत्या भट्टीजवळ जाऊन चित्रफिती काढत होते.

आता वाड्याविषयी. हा आपला सर्वांत गंभीर आक्षेप आहे, म्हणून याचे उत्तर थोडे लांबेल.

या वाड्यात चार भाडेकरू कुटुंबे होती. जुन्या भाडेनियंत्रणामुळे त्यांचे भाडे महिन्याला काही रुपयांतच होते, आणि वारस वाटण्या होत होत मालकीही अनेक नावांत विभागली गेली होती, त्यामुळे छपराला हात लावायला कोणीच पुढे येत नव्हते. जुन्या पुण्यातल्या अनेक वाड्यांची हीच कहाणी आहे, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा पुराचे पाणी या वाड्याच्या तळमजल्यात शिरले होते, आणि त्यानंतर कधीतरी कुणीतरी भिजलेल्या चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवला. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते; त्यामुळे भिंतीतल्या सागवानी खांबांचे बुंधे आतल्या आत कुजत राहिले आणि वरून काही दिसले नाही. आम्ही सिमेंट खरवडले तेव्हा दोन खांबांचे बुंधे बोटाने टोकरले तरी भुसा पडत होता. त्यांचे खालचे भाग कापून नवे सागवान जोडण्याचे, गिलावा पुन्हा चुन्यात करण्याचे आणि तो सुकेपर्यंत थांबण्याचे काम आमच्या अंदाजापेक्षा कितीतरी लांबले, पण भाडेकराराप्रमाणे छप्पर आणि सामाईक जिना आधी झाला, आमचे स्वयंपाकघर नंतर.

चारपैकी दोन कुटुंबे आम्ही येण्याच्या कितीतरी आधीच जिन्याच्या भीतीने सोडून गेली होती. एक कुटुंब आजही वरच्या मजल्यावर राहते, जुन्याच भाड्यात, आणि त्यांचा हक्क आमच्या करारामुळे बदललेला नाही. राहिलेले चौथे कुटुंब मालकांकडून रक्कम घेऊन शहराच्या कडेला राहायला गेले. तो व्यवहार आमचा नव्हता, परंतु तळमजला चांगल्या भाड्याने जाईल अशी आशा मालकांना वाटली नसती, तर तो त्या वेळी झाला असता असे मला वाटत नाही. त्या कुटुंबातल्या आजी आता कसबा गणपतीच्या दर्शनाला दोन बस बदलून येतात. या साऱ्यात आमचा वाटा आहे, तो मी नाकारत नाही, आणि 'वाडा जपला' ही ओळ आपला अभिप्राय वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी फलकावरून पुसली. आम्ही खांब, छप्पर आणि जिना दुरुस्त केला. तेवढेच आता लिहिले आहे.

तरीही एका मुद्द्यावर मी आपल्याशी सहमत नाही. आपण सुचवता की वाडा आम्ही घेतला नसता तर तो जसा होता तसा राहिला असता. महापालिका दर पावसाळ्यापूर्वी धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, आणि त्यातले काही वाडे पडतातही. शनिवारवाड्याच्या भोवतालची परिस्थिती तर अधिक अवघड आहे: २०१० मध्ये संरक्षित स्मारकांच्या कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्येही परवानगीशिवाय बांधकाम होत नाही, त्यामुळे तिथले रहिवासी वर्षानुवर्षे गळक्या छपराखाली अडकून पडले आहेत. आमचा वाडा त्या १०० मीटरच्या मर्यादेबाहेर होता हे आमचे नशीब. पण बंद, गळका वाडा आपोआप टिकत नाही, आणि वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला या पावसाळ्यात खोलीत बादल्या मांडाव्या लागल्या नाहीत, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

पेठ महाग होते, हे आपले म्हणणे मात्र मला खोडता येत नाही. आम्ही देत असलेल्या भाड्याचा आकडा बोळात सर्वांना कळला, आणि काही आठवड्यांतच शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या गाळ्यासाठी त्या गाळ्याच्या मालकांनी तोच आकडा मागायला सुरुवात केली. आम्ही एका पैशाचीही भाववाढ मागितली नव्हती, तरी भाव आमच्यामुळेच वाढला. तो गाळा नंतर आम्हालाच देऊ करण्यात आला होता. आम्ही तो घेतलेला नाही आणि घेणार नाही, हे गिरणीवाल्यांना व मालकांना लेखी कळवले आहे. एवढ्याने बाजार थांबणार नाही, तरी पुढचा भाव चढवणारे गिऱ्हाईक आम्ही नसू.

चहाच्या दराबद्दल: आत बसून मिळणारा चहा केटलीभर असतो आणि त्याची किंमत आम्ही बदललेली नाही, पण दिंडी दरवाज्याजवळ आता उभ्याने पिण्याचा साधा चहा १५ रुपयांना मिळतो, सकाळी सहापासून, भट्टी पेटण्याच्या वेळेपासून. तो ज्याला हवा त्याला आहे, पेठेतला असो वा नसो.

दुचाकींचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. संध्याकाळी सहा ते दहा आमचा एक माणूस बोळाच्या तोंडाशी उभा असतो आणि गाड्या आत येऊ देत नाही. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाल्यापासून कसबा पेठ स्थानक जवळ आले आहे, म्हणून जागा राखून ठेवणाऱ्या प्रत्येकाला आम्ही मेट्रोने येण्याची विनंती करतो. शनिवारी आणि रविवारी मात्र आमचा माणूस कमी पडतो, हे मी पाहिले आहे. गणेशोत्सवाचे दहा दिवस आम्ही संध्याकाळी जागा राखून ठेवणे बंदच ठेवणार आहोत.

आपण लिहिले आहे की आपल्या घरी आईच्या वेळचा तांब्याचा बंब आणि दोन पातेली माळ्यावर पडून आहेत, कारण कल्हईवाले आता दारावर येत नाहीत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी एक कल्हईवाले आमच्या ओट्यावर भाता आणि शेगडी घेऊन बसतात. दर त्यांचा, पैसेही थेट त्यांनाच द्यायचे, आणि आमच्याकडे काही खाण्यापिण्याची गरज नाही. पातेली आतून काळी पडली असली तरी चालतील असे ते म्हणाले. बंबाच्या तळाला भोक असेल तर तो शेजारी तांबटकाकांकडे झाळून मिळेल, मी त्यांना विचारून ठेवले आहे.

आपला नम्र,
उपाहारगृहाचा चालक, कसबा पेठ, पुणे