औदुंबराचा संदेश काय?

लेकीच्या रसग्रहणाला चारपैकी एक मार्क मिळाला. मजकूर बराचसा माझा, त्यामुळे काल क्लासच्या सरांपुढे मीच जाऊन उभा राहिलो. कविता बालकवींची ‘औदुंबर’, ओळी आठ.

‘‘आशय ठीक आहे हो. पण संदेश कुठाय?’’

‘‘सर, झरा, गाव, मळे, पायवाट, डोह आणि पाण्यात पाय सोडून बसलेलं झाड. संदेश कोण देणार?’’

‘‘वृक्षसंवर्धन!’’ गाइडवर बोट आपटत सर म्हणाले.

तेवढ्यात फी भरायला आलेले एक गृहस्थ मध्ये पडले. प्लॉटचा धंदा. ‘‘बघू जरा,’’ म्हणत त्यांनी पुस्तक ओढून घेतलं आणि सातबारा वाचावा तसं एकेका ओळीवर बोट ठेवत वाचलं.

‘‘गाव टेकडीकडे, म्हणजे उताराची जागा. परवानगीची बोंब. घरं चार, भाव कसला येतोय? मळे, म्हणजे शेतजमीन, एनए (बिगरशेती) नाही. रस्ता म्हणावा तर पायवाट, तीही अडवीतिडवी. आणि जाते कुठं? डोहाकडे! निळ्या पूररेषेत घालताय की गिऱ्हाइकाला.’’ मग बोट थांबलं. ‘‘पण साहेब, इथपर्यंत सगळं हिरवं, आणि खाली एकदम काळं कसं झालं?’’

मी चाटच पडलो. समीक्षक कित्येक वर्षं याच काळ्यापाशी अडकलेत. कुणाला तिथे विरक्ती दिसते, कुणाला मृत्यू. कवी स्वतः १९१८ साली भादलीला रेल्वे अपघातात गेले, अवघ्या सत्तावीस वर्षांचे असताना.

‘‘काळं म्हणजे जलप्रदूषण,’’ सर म्हणाले.

शिवाय वहीत ‘अडवीतिडवी’ला लाल गोल, शेजारी दुरुस्ती: ‘आडवीतिडवी’. आता मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, कवितेतली ओळ मोजा: ‘पायवाट पां’ आठ मात्रा, ‘ढरी तयातुनि’ आठ, ‘अडवीतिडवी’ आठ. तुमचा ‘आ’ घातला की नऊ. कवीनं तोलून ठेवलेली ओळ तुम्ही लाल पेनानं लंगडी केलीत!

‘‘मात्रांना मार्क नसतात,’’ सर शांतपणे म्हणाले आणि पुढच्या हप्त्याची पावती फाडली.

मार्क एकाचा दीड झाला नाही. प्लॉटवाल्यांनी जाताना मला कार्ड दिलं. रात्री लेकीची वही उघडली, तर तिनं उत्तर पुन्हा लिहून काढलं होतं: ‘झाडे लावा, झाडे जगवा हा बहुमोल संदेश कवी आपल्याला देतात.’ खाली पट्टीनं दोन रेघा.

अक्षर सुरेख आहे हो तिचं.