‘शिकलेला माणूस असं करत नाही’ म्हणे!

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा तो मेसेज पुन्हा आला. तुमच्याकडेही फिरून गेला असेल. मजकूर थोडक्यात असा: धर्माच्या नावाने माणसं मारणारे अडाणी आणि उपाशी असतात. त्यांना विज्ञान शिकवा, हातातलं शस्त्र आपोआप गळून पडेल. शिकूनही जे सुधारत नाहीत ते माथेफिरू. आणि मुलांना लहानपणापासून योग-ध्यानाची गोडी लावली तर ही कीड लागणारच नाही. सहमत असाल तर पुढे पाठवा.

मी पाठवला नाही. खरं तर सहमत व्हायला मला आवडलं असतं. वीस वर्षं बारावीला केमिस्ट्री शिकवतोय; आपण फळ्यावर लिहितो त्याने माणूस सुधारतो, असं ऐकायला कुठल्या मास्तराला नको असतं? पण याच विषयापायी मी जपानच्या ओम शिनरिक्यो पंथाबद्दल बरंच वाचलं, आणि तेव्हापासून ही समजूत मला गिळवत नाही.

२० मार्च १९९५, सोमवार सकाळ. टोकियोच्या भुयारी रेल्वेत, ऐन ऑफिसच्या गर्दीत, पाच गाड्यांमध्ये या पंथाचे पाच जण चढले. प्रत्येकाकडे वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत सरिन हे जीवघेणं द्रव, आणि हातात टोक घासून अणकुचीदार केलेली छत्री. पिशवी पायाशी टाकायची, छत्रीने भोसकायची आणि उतरून जायचं. आदल्या रात्री पाणी भरलेल्या पिशव्यांवर त्यांनी याची तालीमही केली होती. एकूण चौदा माणसं मेली, हजारोंना विषबाधा झाली.

हे पाच अडाणी कोण? इकुओ हायाशी हा केइओ विद्यापीठाचा डॉक्टर, हृदयाच्या शस्त्रक्रिया करणारा, अमेरिकेत काम शिकून आलेला. तोरू तोयोदा टोकियो विद्यापीठात फिजिक्समध्ये पदव्युत्तर शिक्षण घेतलेला. केनइची हिरोसे वासेदाचा, तोही फिजिक्सचा. उरलेले दोघेही विज्ञान-तंत्रज्ञानाचेच पदवीधर. आणि सरिन बनवणारा मासामी त्सुचिया सेंद्रिय रसायनशास्त्रवाला, म्हणजे आमच्याच बिरादरीतला.

विज्ञान त्यांच्या आड आलं नाही, कामाला आलं. विषाची झुळूक स्वतःला लागली तर काय करायचं, यासाठी त्यांच्याजवळ अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शनं होती. हिरोसेला ते टोचून घ्यावंही लागलं. आपल्या पायाशी ठेवलेली पिशवी समोरच्या बाकावरच्या माणसाचं नेमकं काय करणार, हे त्या डब्यात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

उपाशीपोटाचा मुद्दा फार लांबवत नाही. क्रुगर आणि मालेच्कोव्हा या अर्थतज्ज्ञांनी लेबनॉनमध्ये लढताना मेलेल्या हिजबुल्लाच्या लोकांची माहिती तपासली होती. ते बाकीच्या लेबनीज लोकांपेक्षा गरीब किंवा कमी शिकलेले निघाले नाहीत, उलटच निघाले. गरिबाला दिवसभर राबायचं असतं, हेही आपण विसरतो.

मग माथेफिरू? नॉर्वेत २०११ साली ब्रेइविक नावाच्या कट्टर उजव्या माणसाने एका दिवसात ७७ जणांना मारलं तेव्हा हाच शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. तज्ज्ञांच्या पहिल्या पथकाने त्याला मनोरुग्ण ठरवलं, दुसऱ्याने नाही. शेवटी कोर्टाने तो भानावर होता असा निकाल दिला आणि शिक्षा ठोठावली. ‘माथेफिरू’ म्हटलं की विषय संपतो, म्हणून हा शब्द आपल्याला इतका सोयीचा वाटतो. आणि उगाच बदनाम होतात ते खरोखरचे रुग्ण, ज्यांतले बहुतेक कुणाच्या वाटेलाही जात नाहीत. डॉक्टर हायाशीचं बघा. गाडीतल्या माणसांकडे बघून आपण कचरलो, असं त्याने नंतर सांगितलं. दोनपैकी एकच पिशवी त्याने फोडली. पण फोडली. ती गळकी पिशवी उचलून डबा साफ करायला गेलेले रेल्वेचे दोन कर्मचारी मेले.

आता योगाबद्दल. इथे ग्रुपवर मला शिव्या पडणार, पडोत. ओम शिनरिक्योची सुरुवातच मुळी १९८४ साली टोकियोतल्या एका छोट्या योगवर्गातून झाली. नावात आपला ॐ, आराध्य दैवत शिव, आणि फुजी पर्वताच्या पायथ्याशी ज्या इमारतीत सरिन बनलं तिचं नाव ‘सत्यम्’. हा योगाचा दोष नाही. मी स्वतः रोज सकाळी प्राणायाम करतो. मुद्दा एवढाच की मन शांत करायचं तंत्र ते मन कुठल्या कामाला जुंपलंय याची चौकशी करत नाही.

पण मेसेज लिहिणाऱ्याची खरी चूक वेगळीच आहे. त्याला वाटतं, डोक्यात विचार शिरतो आणि माणूस उठून मारायला जातो. ओमचा हिशोब तारखांनिशी मांडला तर तसं दिसत नाही. १९८८ साली साधना करवून घेताना एक अनुयायी मेला. तो अपघात होता. पण पंथाला सरकारी मान्यता हवी होती, बोभाटा परवडणारा नव्हता, म्हणून प्रेत गुपचूप जाळलं. हे ज्याला माहीत होतं असा एक जण १९८९च्या फेब्रुवारीत पंथ सोडायला निघाला, त्याला मारलं. नोव्हेंबरात पंथाविरुद्ध अनुयायांच्या पालकांची बाजू लढवणारा वकील, त्याची बायको आणि तान्हं मूल मारलं. १९९० साली निवडणुकीला उभे राहिलेले पंथाचे सगळे उमेदवार आपटले. मग जगच आपल्यावर उठलंय ही भाषा अजून चढली. १९९४च्या जूनमध्ये मात्सुमोतो शहरात सरिन सोडलं. टोकियो त्यानंतर.

बऱ्याच पायऱ्या आधीची पायरी झाकायला. पहिल्या दिवशी कुणी हायाशीला ‘रेल्वेत विष सोड’ म्हटलं असतं तर त्याने पोलीस बोलावले असते. म्हटलं गेलं तोवर नोकरी, पैसा, घरदार पंथाला वाहून झालं होतं आणि बोलायला आतलीच माणसं उरली होती. शिवाय गुरू शोको असाहाराने एक तिबेटी शब्द वाकवून ठेवला होता: पोआ. पापी माणसाला अजून पाप करण्याआधी मारलं तर त्याला वरची गती मिळते. म्हणजे मारणारा खुनी नाहीच, उपकारकर्ता. हे एकदा पटलं की शिकलेल्या माणसाची कर्तव्यबुद्धी, शिस्त, नीटनेटकेपणा, सगळं त्या बाजूला राबायला लागतं.

श्रद्धा टोकाची होती म्हणून हिंसा झाली, एवढंही म्हणून भागत नाही. जपानमध्ये पंथाचे दहा हजारांच्या आसपास अनुयायी होते. गुरू तोच, प्रवचनं तीच. त्यांतल्या बहुतेकांनी कुणाच्या अंगाला हात लावला नाही. हायाशीने पुढे सगळं कबूल केलं म्हणून त्याला जन्मठेप झाली. असाहारासह तेरा जणांना २०१८ साली फाशी दिली.

एवढं सगळं ग्रुपवर टाकल्यावर एका काकांचं उत्तर आलं, ‘सर, ते जपान. आपल्याकडची माणसं साधी.’

मी सातारा जिल्ह्यातला. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींना गोळ्या घालणारा नथुराम पुण्यात वर्तमानपत्र चालवत होता, संपादक होता. आणि त्याची जात ब्राह्मण म्हणून पुढच्या काही दिवसांत आमच्या भागात ज्यांची घरं पेटवली गेली त्यांनी त्याचं तोंडही बघितलं नव्हतं. आमच्या गावात अशा एका वाड्याचं नुसतं जोतं उरलंय. आम्ही पोरं त्यावर विट्टी-दांडू खेळायचो. पेटवायला बाहेरगावचे आले होते, असं गावात सांगायचे. माझ्या आजीला मात्र कुणी कुठून रॉकेल आणलं ते ठाऊक होतं. नावं घेताना ती तेव्हाही त्यांना दादा-अण्णाच म्हणायची.