पीएच ८.३ चा हट्ट

रीफ टँकवाल्यांमध्ये, म्हणजे घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत कोरल (पोवळी) पाळणाऱ्यांमध्ये, एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: ‘पीएच ८.३ च्या खाली गेला की कोरल खचतात. रोज सकाळी तपासा, कमी दिसला तर बफर टाका. बफरने अपाय होत नाही.’ (पीएच म्हणजे पाणी किती आम्लारी आहे याचा आकडा, बफर म्हणजे तो चढवायला टाकायची पूड.) तीन वाक्यं, आणि तिन्हींत घोळ.

आधी तो ८.३. खुद्द समुद्राचा पीएच साधारण ८.१ असतो. टँकमध्ये तो दिवसभर वरखाली होतो. दिवे लागले की शैवाल आणि कोरलच्या पेशींतली शैवालं कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, पीएच चढतो. रात्री दिवे गेले की उतरतो. पहाटे ७.९, संध्याकाळी ८.२, ही टँकची रोजची चाल आहे, आजार नव्हे. चढ्या पीएचला कोरलचा सांगाडा जरा लवकर वाढतो, एवढं मान्य. दिवसेंदिवस ७.८ च्या खालीच राहिला तर मात्र लक्ष घाला.

‘सकाळी तपासा’ म्हणजे दिवसातला सर्वांत खालचा आकडा बघून घाबरा! शिवाय अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा, डीकेएच या एककात मोजतात) पुरेशी, म्हणजे ८ डीकेएच, असूनही पीएच कमी दिसत असेल, तर दोष बहुतेक वेळा खोलीतल्या हवेचा. दारं-खिडक्या बंद, आत चार माणसं, की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पाण्यात उतरतो. खात्री करायची तर टँकमधलं कपभर पाणी उघड्या हवेत नेऊन त्यात तासभर एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडा. पीएच वर आला तर बफरची बाटली ठेवून द्या आणि खिडकी उघडा. ते जमत नसेल तर स्किमरची (फेस करून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची) हवा ओढणारी नळी घराबाहेर न्या. चुन्याची निवळी हाही चांगला उपाय, पण शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची आणि थेंबाथेंबानेच. तिचा स्वतःचा पीएच १२ च्या वर असतो.

आता ‘अपाय होत नाही’. याची किंमत मी मोजली आहे. बफर टाकला की पीएच चढतो, पण हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरला की काही तासांत परत जागेवर. दुसऱ्या सकाळी पुन्हा चमचा. पीएच परततो, अल्कलिनिटी मात्र साचत जाते. हिशेब बघा: १०० लिटर पाण्यात ३ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खाण्याचा सोडा, अल्कलिनिटी साधारण १ डीकेएचने वाढवतो. मोजक्या कोरलच्या टँकमध्ये रोज तेवढा खप नसतोच. (गंमत म्हणजे नुसत्या खाण्याच्या सोड्याने पीएच किंचित उतरतो, चढवतो तो धुण्याचा सोडा, सोडियम कार्बोनेट.) दोन आठवड्यांनी माझी टेस्ट किट अल्कलिनिटी १४ डीकेएच दाखवत होती. हीटरवर पांढरा खडबडीत थर, पंप कुरकुरतोय, अॅक्रोपोरा या फांद्यांच्या कोरलची टोकं भाजल्यासारखी पांढरी. त्या थरातच माझं कॅल्शियम अडकलं होतं: कार्बोनेट जास्त झालं की ते कॅल्शियमला धरून खाली बसतं. मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास असेल तर हे बसणं लांबतं, पण टळत नाही. हीटर व्हिनेगरमध्ये बुडवल्यावर फसफसून स्वच्छ झाला. कोरलची टोकं तशी दुरुस्त होत नाहीत.

या सल्ल्याला हल्ली एक शेपूटही जोडतात: ‘तळाला कोरलची वाळू घाला, ती पीएच सांभाळते.’ ही वाळू अॅरागोनाइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची. ती नीटशी विरघळायला लागते पीएच ७.७ च्या आसपास घसरल्यावर. ८.० ला ती नुसती पडून असते.